रकाना २३-अ: रायफलमन की कारकून?

डिस्चार्जच्या कागदावरच्या २३-अ या रकान्यात एकच ओळ टाइप केलेली आहे: ७१बी, क्लार्क टायपिस्ट. अर्जदाराचं म्हणणं, ही ओळ चूक आहे, तिथे ११बी हवं, म्हणजे पायदळाचा शिपाई. कागद १९७० सालचा आणि अर्ज त्यानंतर पन्नासेक वर्षांनी केलेला. मधल्या काळात तो कागद घराच्या कर्जासाठी, नोकरीसाठी, गाडीच्या खास नंबरप्लेटसाठी असा अनेकदा बाहेर निघाला आणि परत पाकिटात गेला.

आधीच सांगतो, हा अर्जदार मी रचलेला आहे. अमेरिकी लष्कराचं नोंद-दुरुस्ती मंडळ आपले निर्णय नावं झाकून वाचायला खुले ठेवतं. त्यांत अशी गाऱ्हाणी पुन्हा पुन्हा दिसतात, आणि त्या नमुन्यावरून मी हे प्रकरण बांधलं आहे. कायदा, फॉर्म, मुदती आणि कागदांची रचना मात्र खरी आहे.

तो कागद म्हणजे डीडी फॉर्म २१४. १९५० पासून अमेरिकेत सैन्यातून सुटणाऱ्या प्रत्येकाच्या हाती तो पडतो. माजी सैनिकाची ओळख म्हणून पुढे जन्मभर हाच चालतो. त्यात एमओएस, म्हणजे सैन्यातल्या कामाचा सांकेतिक क्रमांक असतो. ११बी म्हणजे हलकी शस्त्रं चालवणारा पायदळ शिपाई, ९४बी स्वयंपाकी, ६४बी जड ट्रकचा चालक, ९१बी वैद्यकीय शिपाई, ७१बी टंकलेखक कारकून. व्हिएतनामच्या काळात पुढे आणखी अंक लागत. ११बी१० नवशिका, ११बी२० त्याच्या वरच्या पायरीवरचा.

नंतरच्या काळातल्या फॉर्मवर या जागी जास्त माहिती मावते: मुख्य काम, त्यात किती वर्षं आणि महिने गेले, शिवाय वर्षभर किंवा अधिक काळ केलेली इतर कामं. १९६०च्या दशकातल्या फॉर्मवर एकाच कामापुरती जागा होती. सैन्यात दोन प्रकारचं काम केलेल्या माणसाचं एक काम त्यामुळे कागदाबाहेर राहणारच होतं. प्रश्न एवढाच, की बाहेर कोणतं राहायला हवं होतं?

काय घडलं होतं

ऑक्टोबर १९६८ मध्ये सक्तीच्या भरतीत त्याचं नाव आलं. लुइझियानातल्या फोर्ट पोक इथे पायाभूत आणि मग पायदळाचं प्रशिक्षण झालं, ११बी१० मिळालं. मार्च १९६९च्या मध्यावर तो व्हिएतनामच्या मध्य पठारावरच्या एका पायदळ बटालियनमध्ये, रायफल कंपनीत रुजू झाला. साडेपाच महिने जंगलात काढले. त्याच्या अर्जात या महिन्यांबद्दल फारसं काही नाही. पाच-सात ओळी आणि दोन तारखा. असे अर्ज वाचताना माझ्या लक्षात आलंय, की ज्यांनी खरोखर पाहिलेलं असतं ते या भागात हात आखडता घेतात.

ऑगस्टच्या अखेरीस मलेरियाने गाठलं. दर आठवड्याची मोठी नारिंगी गोळी आणि रोजची छोटी पांढरी गोळी घेऊनही पठारावर तो होत असे. कॅम रान बे इथल्या सहाव्या कॉन्व्हॅलेसंट सेंटरमध्ये महिनाभर राहून तो परतला तेव्हा वजन इतकं उतरलं होतं, की त्याला पाठीवर बोजा देऊन जंगलात धाडण्यात अर्थ नव्हता. कंपनीच्या फर्स्ट सार्जंटने विचारलं, "टाइप येतं का रे तुला?" शाळेत एक वर्ष शिकलेलं होतं. तेवढं पुरलं.

तिथून पुढे तो प्लेइकूजवळच्या तळावर कंपनीचा कारकून झाला. कंपनी तीच, टोपीवरचं चिन्ह तेच, फक्त रायफलऐवजी टाइपरायटर. रोज सकाळी मॉर्निंग रिपोर्ट टाइप करायचा. तो डीए फॉर्म १ होता आणि त्यात फक्त बदल नोंदले जात: कोण आला, कोण गेला, कोण इस्पितळात, कोण मेला. जो होता तिथेच आणि होता तसाच राहिला, त्याचं नाव त्या दिवशीच्या कागदावर येत नसे.

घरी परतल्यावर सेवेचे १५० दिवस किंवा त्याहून कमी उरलेले असले, तर लवकर सुटका मिळत असे. मार्च १९७० मध्ये परतला असता तर त्याचे सहा महिन्यांहून जास्त दिवस उरले असते आणि ते मायदेशातल्या एखाद्या छावणीत परेड करत काढावे लागले असते. म्हणून बऱ्याच जणांनी केलं तेच त्यानेही केलं. व्हिएतनाममधला मुक्काम दोन महिन्यांनी वाढवून घेतला. मे १९७० मध्ये कॅलिफोर्नियात उतरला, चोवीस तासांच्या आत वैद्यकीय तपासणी, पगाराचा हिशेब, नवा गणवेश आणि डीडी २१४. दुसऱ्याच एका कारकुनाने ते टाइप केलं. याने खाली सही केली आणि बस पकडली.

मग आता का?

दोन कारणं आहेत. ऐकू कमी येतं आणि कानात सतत शिटी वाजते. माजी सैनिक खात्याकडे त्याने दावा केला. या खात्याकडे एक तक्ता आहे, कोणत्या एमओएसच्या माणसाला सेवेत किती गोंगाट सोसावा लागला असण्याची शक्यता आहे, त्याचा. पायदळ त्यात अर्थातच वर आहे आणि टंकलेखक खाली. दाव्याच्या फाइलवर '७१बी' बघून तपासनिसाने काय अनुमान काढलं असेल ते सांगायला नको. कानातल्या शिटीसाठी मिळणारं अपंगत्वाचं मानांकन, ज्यावर भत्ता ठरतो, एकदाच आणि १० टक्केच असतं, त्यामुळे रक्कम काही डोळे दिपवणारी नाही. तरी नकाराच्या पत्रातलं 'लढाऊ गोंगाटाचा पुरावा नाही' हे वाक्य त्याला लागलं.

दुसरं कारण म्हणजे बिल्ला. कॉम्बॅट इन्फंट्रीमन बॅज, निळ्या पट्टीवर चांदीची जुनी बंदूक. १९४३ पासून दिला जातो. तो त्याच्या कागदावर नाही.

या बिल्ल्यासाठी तीन गोष्टी लागतात. माणसाचा हुद्दा पायदळाचा हवा, नेमणूक ब्रिगेड किंवा त्याहून लहान पायदळ तुकडीत हवी, आणि ती तुकडी प्रत्यक्ष जमिनीवरच्या लढाईत असताना तो तिथे काम करत असायला हवा. तिन्ही एकाच वेळी. त्यामुळे त्याच युद्धात हायवे १९वर ट्रकवर पोलादी पत्रे ठोकून, मशीनगन बसवून ताफे राखणाऱ्या चालकांना तो मिळाला नाही. २ सप्टेंबर १९६७च्या मोठ्या हल्ल्यानंतर हे तोफाट्रक उभे राहिले, चालकांनीच बांधले, त्यांनीच चालवले, पण एमओएस चालकाचा होता. पुढे २००५ मध्ये कॉम्बॅट ॲक्शन बॅज आला आणि पायदळाबाहेरच्यांचीही सोय झाली, पण तो फक्त १८ सप्टेंबर २००१ पासूनच्या सेवेला लागू आहे. मला हे अन्यायाचं वाटतं. मंडळाच्या भाषेत मात्र ही 'चूक' नाही, धोरण आहे, आणि मंडळ धोरण बदलत नाही. आपल्या अर्जदाराचं प्रकरण त्या चालकांपेक्षा कितीतरी सोपं होतं. त्याने ते स्वतःच अवघड करून ठेवलं.

पहिला अर्ज

नोंदी दुरुस्त करण्याचा अधिकार अमेरिकी कायदेसंहितेच्या टायटल १०च्या, म्हणजे दहाव्या खंडाच्या, कलम १५५२ मधून येतो. १९४६ पर्यंत असली कामं काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, एकेका माणसासाठी खासगी विधेयक आणून होत असत. ते थांबवून हे काम खात्यांकडे आणि त्यांनी नेमलेल्या नागरी मंडळांकडे दिलं गेलं. लष्कराच्या मंडळापुढे जायचं तर डीडी फॉर्म १४९ भरायचा. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. तीन नागरी सदस्य कागद वाचून ठरवतात, आणि समोर उभं राहून बोलण्याचा हक्क अर्जदाराला नसतो. म्हणजे सगळी भिस्त कागदावर.

मुदत चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची आहे. सही केली तेव्हा कागद समोर होता, त्यामुळे घड्याळ मे १९७० मध्ये सुरू झालं आणि मे १९७३ मध्ये थांबलं असं धरलं जातं. न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर मंडळ उशीर माफ करू शकतं. अशा जुन्या प्रकरणांत बरेचदा करतंही, कारण उशीर माफ करायचा की नाही हे ठरवायलासुद्धा मूळ प्रश्नात डोकवावंच लागतं.

त्याच्या मुलीने अर्ज टाइप केला. मजकूर असा होता: मी कधीही कारकून नव्हतो, मी पायदळात लढलो, तरी ७१बी हा उल्लेख माझ्या सर्व नोंदींमधून काढून टाकावा, ११बी लिहावं आणि बिल्ला द्यावा. सोबत जुन्या सोबत्यांची दोन पत्रं होती. एकात 'तो उत्तम सैनिक होता' आणि दुसऱ्यात 'त्याच्यासारखा माणूस मी पाहिला नाही'.

उत्तर नकाराचं आलं, आणि खरं सांगायचं तर त्या कागदांवर दुसरं काही येणं कठीण होतं.

'मी कधीही कारकून नव्हतो' हे वाक्य त्याच्याच सेवापत्रकाने खोडून काढलं. डीए फॉर्म २० हे त्या काळचं शिपायाचं सेवापत्रक. त्याच्या रकाना ३८ मध्ये एकामागून एक नेमणुका असतात. तिथे मार्च ते ऑगस्ट १९६९ रायफलमन ११बी, मग रुग्णालय, मग ऑक्टोबरपासून सुटकेपर्यंत क्लार्क टायपिस्ट ७१बी. सात महिन्यांहून जास्त. मंडळ सुरुवातच अशा गृहीतकाने करतं, की कार्यालयाने आपलं काम नीट केलं होतं. ते तसं नव्हतं हे दाखवण्याचा भार अर्जदारावर असतो. अर्जातलं पहिलंच विधान खोटं ठरल्यावर पुढच्या विधानांकडे कुणी कोणत्या नजरेने बघणार?

पत्रांचं म्हणाल तर ती मनापासून लिहिलेली होती, पण त्यात तारीख नाही, जागा नाही, लिहिणारा तेव्हा कुठे होता हे नाही. साक्ष आणि शिफारस यांत हाच फरक.

नेमका मुद्दा कुठे होता

नकाराच्या निर्णयात एक वाक्य असं होतं, जे अर्जदाराने रागात वाचलं नाही आणि मुलीने दुसऱ्यांदा वाचल्यावर पकडलं. डीडी २१४वर सुटकेच्या वेळचं *मुख्य* एमओएस लिहायचं असतं, आणि सुटकेच्या वेळी ते ११बी होतं असं दाखवणारा आदेश फाइलमध्ये नाही, असं मंडळाने म्हटलं होतं.

सैन्यात माणसाला दोन एमओएस एकाच वेळी असू शकतात. एक त्याच्या नावावरचं मुख्य, जे आदेशाने मिळतं आणि आदेशानेच जातं. दुसरं तो सध्या ज्या खुर्चीवर बसला आहे त्या खुर्चीचं. रायफलमनला टाइपरायटरसमोर बसवलं म्हणून तो ७१बी होत नाही. तो ११बीच राहतो, फक्त काम ७१बीचं करतो. आपल्या कचेऱ्यांत शिपायाच्या पदावरचा माणूस वर्षानुवर्षं आवक-जावक सांभाळतो, पण पगारपत्रकावर शिपाईच असतो, तसंच काहीसं.

म्हणजे 'मी कारकून नव्हतो' हे सिद्ध करायची गरजच नव्हती. कारकुनी केली, सात महिने केली, मान्य. ७१बी हे मुख्य एमओएस म्हणून कुणी, कोणत्या आदेशाने दिलं? हा प्रश्न विचारला की पारडं फिरतं.

सेवापत्रकात याचं उत्तर रकाना २२ मध्ये असायला हवं. तिथे मिळालेले एमओएस आदेशाच्या क्रमांकासह लिहितात. गंमत अशी, की डीए फॉर्म २०वर कित्येक नोंदी पेन्सिलीने व्हायच्या, कारण त्या बदलत राहणार हे गृहीतच होतं. याच्या रकाना २२ मध्ये ११बी१०, मग ११बी२० टाइप केलेलं, तारखेसह. त्याखाली पेन्सिलीत ७१बी, पुढे आदेशाचा क्रमांक नाही. मुख्य की दुय्यम हे दाखवणारं अक्षर खोडलेलं, आणि प्रतीच्या प्रतीत ते नुसता डाग झालेलं. पहिल्या मंडळाने त्या डागावरून कुणाच्याच बाजूने निष्कर्ष काढला नाही. बरोबरच केलं.

नशिबाने फाइल शाबूत होती. १२ जुलै १९७३ला सेंट लुइसच्या नोंद केंद्राला आग लागली आणि दीड कोटीहून जास्त फायली गेल्या. १९६०च्या आधी सुटलेल्या लष्करी जवानांच्या तर सुमारे ८० टक्के. हा १९७० मध्ये सुटला म्हणून वाचला.

माळ्यावरचा कागद

पुनर्विचाराला आता मुदतीची आडकाठी नाही. आधी मंडळापुढे न आलेला कागद सोबत असेल, तर केव्हाही विनंती करता येते. म्हणजे नवा कागद हवा. तोच तर्क, तेच दुःख पुन्हा लिहून पाठवण्याला अर्थ नव्हता.

कागद माळ्यावरच्या पेटीत निघाला. व्हिएतनाममधून परत पाठवताना ज्यांना पाठवायचं त्यांची यादी असलेला विशेष आदेश निघत असे, सायक्लोस्टाइल केलेला. वाटेत प्रत्येक टप्प्यावर एकेक प्रत काढून घेत, म्हणून हातात गठ्ठाच देत. उरलेल्या प्रती लोक घरी घेऊन आले आणि विसरले. याच्या गठ्ठ्यात तीन उरल्या होत्या. एप्रिल १९७० ची तारीख. हुद्दा, नाव, क्रमांक आणि नावापुढे: मुख्य एमओएस ११बी२०.

सुटकेच्या तीन आठवडे आधी त्याच लष्कराने, त्याच्याच आदेशात, त्याला पायदळाचा शिपाई म्हटलं होतं. त्या तीन आठवड्यांत ते बदललं असेल तर बदलाचा आदेश दाखवावा लागेल, आणि तसा कुठेच नाही.

दुसरा कागद सेंट लुइसहून आला. मॉर्निंग रिपोर्टच्या मायक्रोफिल्मवर, ऑक्टोबर १९६९ मधली एक ओळ: त्याचं नाव, 'ड्यूटी एमओएस' ११बीवरून ७१बीवर. 'ड्यूटी' हा शब्द तिथे आहे. मुलीने प्रिंट समोर ठेवली तेव्हा त्याने ओळ वाचली आणि म्हणाला, "हे मीच टाइप केलंय." कारकून झाल्यावर टाइपरायटरवर बसून त्याने टाइप केलेली ती पहिली नोंद होती. फर्स्ट सार्जंट मागे उभं राहून शब्द सांगत होता, आणि 'ड्यूटी' हा शब्द याने गाळला तेव्हा त्याने कागद काढून नव्याने टाइप करायला लावला होता. हा किस्सा त्याने अर्जात घातला नाही. मुलगी घाल म्हणत होती. माझ्या मते त्याचं बरोबर होतं. ओळ स्वतः बोलत होती.

मग कॅलिफोर्नियातल्या कारकुनाने ७१बी कुठून उचललं? बहुधा रकाना ३८ च्या शेवटच्या ओळीवरून. दिवसाला ढीगभर माणसं सोडायची असताना हात शेवटच्या नोंदीवर पडतो. हे स्वतः कारकुनी केलेल्या माणसाने सांगितलेलं अनुमान आहे, पुरावा नव्हे, आणि अर्जातही ते तसंच एका वाक्यात मांडलं.

बिल्ल्यासाठी कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून बटालियनच्या दैनंदिनीची पानं मागवली, त्याच्या साडेपाच महिन्यांतली. कंपनी कोणत्या दिवशी चकमकीत होती ते तिथे तासागणिक आहे. जुन्या सोबत्यांपैकी एकाने पत्र नव्याने लिहिलं. या वेळी त्यात विशेषण एकही नव्हतं. महिना होता, टेकडीचा क्रमांक होता, कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे होतं ते होतं. ते दैनंदिनीच्या पानाशी जुळलं.

बिल्ला तेव्हाच का मिळाला नाही? बिल्ल्यांचे आदेश जथ्याने निघत, आणि त्याच्या जथ्याची यादी गेली तेव्हा तो कॅम रान बेच्या खाटेवर होता. नंतरच्या याद्या त्याने स्वतः टाइप केल्या. आपलं नाव आधीच्या यादीत गेलं असणार, असं तो धरून चालला. विचारलं नाही. स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव घालणं त्याला बरं दिसलं नाही.

काय मिळालं, काय नाही

दुसऱ्या अर्जात मागण्या दोनच होत्या: २३-अ मध्ये मुख्य एमओएस ११बी२० करावं, आणि रकाना २४ मध्ये बिल्ला घालावा. सेवापत्रकातली कारकुनीची नोंद पुसण्याची मागणी त्याने स्वतःच मागे घेतली. ती खरी नोंद होती आणि मंडळाने ती पुसलीही नसती.

कायद्याने अशा मंडळांना ९० टक्के अर्ज दहा महिन्यांत आणि सगळे अठरा महिन्यांत निकाली काढावे लागतात. याचा दहाव्या महिन्यात लागला. दोन्ही मागण्या मान्य. हाती आला तो डीडी फॉर्म २१५, दुरुस्तीचा कागद. नवं २१४ मिळेल असं त्याला वाटत होतं. जुना कागद आहे तसाच राहतो, ७१बीसकट, आणि २१५ त्याला जोडून दाखवायचं असतं. मुलगी यावरून चिडली. तो नाही.

माजी सैनिक खात्याचा दावा वेगळा, त्यांचं दार वेगळं. पण लढाईत असल्याचा पुरावा म्हणून हा बिल्ला तिथे चालतो, आणि लढाईत असलेल्या माणसाने सांगितलेली हकीकत, सेवेच्या परिस्थितीशी जुळत असेल तर, त्या काळचा कागद नसला तरी धरायची असं टायटल ३८च्या कलम ११५४ मध्ये आहे. दावा पुन्हा दाखल झाला आहे.

२१५वर आणखी एक दुरुस्ती होती, न मागितलेली. २३-अच्या शेजारी २३-ब असतो: या कामाशी मिळतंजुळतं नागरी काम कोणतं. १९७० मध्ये तिथे क्लार्क टायपिस्ट, पुढे कामगार खात्याच्या व्यवसायकोशातला क्रमांक, असं टाइप केलेलं होतं, आणि तेवढ्या एका ओळीवर त्याला सुटल्यानंतर सहा आठवड्यांत एका विमा कचेरीत नोकरी लागली होती. तिथूनच तो निवृत्त झाला. सही करताना २३-अबद्दल तो का बोलला नाही, याचं अर्जात न लिहिलेलं उत्तर हेच. ११बीला मिळतंजुळतं नागरी काम नसतं. दुरुस्तीच्या कागदावर आता तिथे 'लागू नाही' असं आहे.